रायफल कच्ची की माणूस कच्चा?

वर्षावासातले ग्रंथवाचन आटोपून विहारातून घरी आलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. रोज या वेळी घरात टीव्ही चालू असतो. त्या दिवशी बंद होता. सूनबाई खाटेवर बसली होती आणि तिच्या पुढ्यात रुमालावर तिचे गंठण ठेवलेले होते. मुलगा खाली मान घालून बसला होता. नात दाराआड उभी होती.

"आबा," सूनबाई म्हणाली, "तुम्ही फौजेत बंदुकाच दुरुस्त केल्या ना? मग तुम्हीच सांगा. चाळीस हजार घातले तर पोरीची गोळी बरोबर लागंल का?"

प्रकरण असे होते. आमची नात बारावीला आहे. कॉलेजात एन.सी.सी. घेतली आणि पहिल्याच कॅम्पात पंचवीस मीटरवर तिचा ग्रुप चांगला आला. तिथल्या उस्तादांनी शाबासकी दिली. मग ती एका रायफल क्लबात जाऊ लागली. तिथे पॉइंट टू-टूची एक जुनी बोल्ट रायफल तिच्या वाट्याला आली. सहा महिने चांगले गेले, पण नंतर गुण वाढेनात. पावसाळा लागला तसे उलट घसरले. क्लबात येणाऱ्या एका जाणत्या गृहस्थाने सांगितले की रायफलीची ॲक्शन वाकडी आहे. ती लेथवर लावून 'ट्रू' करून घ्या, नाहीतर पोरगी कितीही राबली तरी उपयोग नाही. खर्च चाळीस हजार. क्लबाकडे पैसे नव्हते. "करायचे तर तुम्ही करा, रायफल तिच्याच हाती ठेवू," असे त्यांनी कळवले. आणि दुसऱ्या एकाने नातीच्या तोंडावर सांगितले होते, "रायफलीला काही झालेले नाही, पोरगीच कच्ची आहे."

हे शेवटचे वाक्य ऐकले आणि माझ्या छातीत कळ आल्यासारखे झाले. त्याचे कारण पुढे सांगतो. त्या रात्री मी एवढेच म्हणालो, "गंठण कपाटात ठेव. पंधरा दिवस थांबा. आधी तपासू, मग ठरवू."

आमच्या वाचकांत टर्नर, फिटर, मिलराइट, कारखान्यात आयुष्य घालवलेले पुष्कळ बांधव आहेत. त्यांना ही गोष्ट चटकन कळेल. इतरांसाठी थोडे खुलासेवार सांगतो.

रायफलीच्या नळीमागे जो पोलादी सांगाडा असतो, तो आणि त्यात मागे-पुढे सरकणारा बोल्ट मिळून ॲक्शन होते. बोल्ट काडतूस नळीत ढकलतो, दाराला कडी लावावी तसा वळून बंद होतो, आणि बार उडाला की मागे येणारा सगळा दाब अंगावर घेतो. हा दाब पेलण्यासाठी बोल्टला पोलादी उंचवटे असतात, त्यांना लग म्हणतात. आता समजा, दोन लगांपैकी एकच सांगाड्याला टेकतो आणि दुसऱ्याखाली एक-दोन थाउची फट आहे. बार उडाला की बोल्ट एका बाजूला कलणार. बोल्टचे तोंड नळीच्या रेषेला काटकोनात नसेल तर काडतुसाचे बूड एका कडेवर दाबले जाणार. सांगाड्याचे पुढचे तोंड वाकडे असेल तर त्यात घट्ट आवळलेली नळी मुळातच ताण घेऊन बसणार, आणि तापली की थोडी सरकणार. नळी प्रत्येक बाराला तारेसारखी थरथरते. ही थरथर दर वेळी सारखी असली तर गोळ्या एका जागी पडतात. ती बदलली की गोळ्या पसरतात.

म्हणून चांगले कारागीर ॲक्शन लेथवर धरतात, डायल लावून नळीच्या रेषेशी तिचे सेंटर मिळवतात, पुढचे तोंड फेसिंग करतात, आटे सरळ करतात, बोल्टचे तोंड घासतात आणि दोन्ही लग सारखे टेकतील असे लॅपिंग करतात. यात खोटे काही नाही. अमेरिकेत १९६२ साली आलेली रेमिंग्टन ७०० ही रायफल या कामासाठी प्रसिद्ध आहे. तिचा सांगाडा गोल असल्यामुळे तो लेथवर धरायला सोपा. तिथले टार्गेटवाले नेमबाज वर्षानुवर्षे ती अशीच नीट करून घेत आले.

तेव्हा प्रश्न असा नव्हता की या कामाने फरक पडतो का. आमच्या घरापुढचा प्रश्न होता तो किती पडतो, कोणत्या रायफलीत पडतो, आणि त्याआधी दुसरे काही पाहायचे राहिले आहे का.

आता ती जुनी कळ सांगतो.

माझे वडील १९४२ साली महार पलटणीत भरती झाले. ते सांगायचे की आपल्या माणसांवर फौजेचे दार किती वर्षे बंद होते. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरली, त्यांच्याच नातवंडांना १८९०च्या दशकात इंग्रजांनी 'ही लढाऊ जात नव्हे' म्हणून भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ साली मोडून टाकली. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. वडील म्हणायचे, "आपली परीक्षा न घेताच आपल्याला नापास केलं होतं." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो.

मी १९७२ साली ई.एम.ई. मध्ये भरती झालो आणि आर्मरर झालो. आर्मरर म्हणजे हत्यारांचा डॉक्टर. तेव्हा पलटणींकडे एस.एल.आर. आलेल्या होत्या, तरी नेमबाजीच्या सरावासाठी काही थ्री-नॉट-थ्री रायफली ठेवलेल्या होत्या. त्या रायफलीवर आम्ही धंदा शिकलो. तिचे लग बोल्टच्या मागच्या बाजूला असतात. त्यामुळे बार उडाला की जवळजवळ सगळा सांगाडा ताणला जातो. म्हणून दोन्ही लग सारखे टेकले पाहिजेत, आणि ज्या रायफलीचा बोल्ट त्याच रायफलीत राहिला पाहिजे. बोल्टवर रायफलीचा नंबर मारलेला असे. साफसफाईच्या वेळी कोणी जवानाने बोल्टची अदलाबदल केली की दुसऱ्या दिवशी रेंजवर गोंधळ. उस्ताद आमचे कान धरत.

पण त्याच उस्तादांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती, ती मी त्या वेळी नीट मनावर घेतली नाही. थ्री-नॉट-थ्रीचा जीव तिच्या लाकडात असतो. पुढच्या लाकडात, ट्रिगरच्या वर दोन्ही बाजूंना, सांगाडा जिथे मागे ढकलून टेकतो त्या दोन जागा घट्ट बसलेल्या हव्यात. तेल पिऊन, पाऊस खाऊन लाकूड तिथे दबले की सांगाडा प्रत्येक बाराला वेगळ्या जागी बसतो. ऑस्ट्रेलियाच्या लिथगो कारखान्याने आपल्या मऊ लाकडाच्या रायफलींना त्या जागी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या होत्या, त्या एवढ्यासाठीच.

१९७६ साली एक जवान माझ्याकडे रायफल घेऊन आला. विदर्भातल्या शेतमजुराचा पोरगा, वीस-एकवीस वर्षांचा, कमी बोलणारा. नेमबाजीच्या टीमसाठी त्याची निवड व्हायची होती. म्हणाला, "उस्ताद, ही गोळी एकदा इकडे टाकते, एकदा तिकडे." मी बोल्ट पाहिला, लग पाहिले, नळीत गेज घातला. सगळे बरोबर. लाकूड उतरवून पाहायला अर्धा तास लागला असता आणि जेवणाची वेळ झाली होती. मी कार्डावर 'ठीक' लिहिले, सही केली आणि शेजारी उभ्या असलेल्या हवालदाराला म्हणालो, "रायफल ठीक आहे. माणूस कच्चा आहे."

त्याने ऐकले. काही बोलला नाही. रायफल उचलून गेला. त्याला टीममधून काढले.

सहा महिन्यांनी वार्षिक तपासणीत तीच रायफल माझ्या टेबलावर आली. लाकूड उतरवले. डाव्या बाजूच्या टेकणाच्या जागी काडेपेटीची काडी आत जाईल एवढी फट होती. मी त्याला शोधायला गेलो तर त्याची बदली झाली होती. शेवटचे ज्यांनी त्याला पाहिले ते म्हणाले, तो स्वतःच लोकांना सांगायचा, "मला नेम जमत नाही."

परीक्षा न घेता मी एका माणसाला नापास केले होते. माझ्या वडिलांच्या पिढीवर जो शिक्का बसला, तोच शिक्का, माझ्याच हाताने. ही गोष्ट मी आजवर घरातही सांगितली नव्हती.

म्हणून नातीच्या बाबतीत मी ठरवले की ना त्या जाणत्या गृहस्थाचे ऐकायचे, ना तिला कच्ची म्हणणाऱ्याचे, ना माझ्या स्वतःच्या अंदाजाचे. त्याच आठवड्यात विहारात कालामांची गोष्ट वाचली गेली होती. तथागतांनी कालामांना सांगितले ते आपण सगळे जाणतो. कोणी मोठा म्हणतो म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, परंपरेने आले म्हणून मानू नका. स्वतः अनुभवाने पारखून घ्या. वर्षानुवर्षे आपण हे ऐकतो आणि घरी आल्यावर पहिल्या जाणत्या माणसाच्या शब्दावर गंठण काढतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आर्म्स ॲक्ट, १९५९ प्रमाणे बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही. मी जुना आर्मरर असलो तरी घरी बसून स्क्रू फिरवायचा मला अधिकार नाही. त्यामुळे जे केले ते क्लबच्या रेंजवर, सेक्रेटरींच्या समोर. आणि जे काम करून घ्यायचे होते ते परवानाधारक कारागिराकडून.

पहिल्या रविवारी माणसाची परीक्षा घेतली. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली, म्हणजे हात कापण्याचा प्रश्न कमी झाला. पन्नास मीटर अंतर. एकाच लॉटची काडतुसे. आधी नातीने पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप मारले. मग क्लबातला सर्वांत चांगला मुलगा, जो राज्य स्पर्धा खेळून आला आहे, त्याने त्याच रायफलीतून पाच ग्रुप मारले. माझे डोळे आता नेमाचे राहिले नाहीत. मी फक्त व्हर्निअर घेऊन मोजत होतो. सर्वांत लांबच्या दोन छिद्रांचे अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत.

नातीची सरासरी एकतीस मिलिमीटर आली. त्या मुलाची तीस.

मी दोन्ही कागद सेक्रेटरींच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. ते पाहत राहिले. नात माझ्या मागे उभी होती. तिने फक्त विचारले, "म्हणजे आबा, मी कच्ची नाही?" मी म्हणालो, "कच्ची आहेस की पक्की ते पुढं बघू. पण ही तीस मिलिमीटर तुझी नाहीत, रायफलीची आहेत." तिने ओढणीने डोळे पुसले. एवढ्या साध्या मोजणीला अर्धा दिवस आणि पन्नास काडतुसे लागली. ती कोणी सहा महिन्यांत केली नव्हती.

मग रायफलीची परीक्षा. एक गोष्ट मोजताना लक्षात आली होती. दोघांच्याही ग्रुपमध्ये गोळ्या आडव्या कमी आणि उभ्या जास्त पसरल्या होत्या. मी वहीचा कागद फाडून त्याची पट्टी केली आणि नळी व पुढच्या लाकडाच्या मधून सरकवली. चार बोटे गेली आणि अडकली. पावसाने लाकूड फुगून नळीला चिकटले होते. मग लाकूड आणि नळी जिथे भेटतात तिथे बोट ठेवून सेक्रेटरींना ॲक्शनचा पुढचा स्क्रू सैल करायला सांगितले. स्क्रू सुटताच नळी बोटाखाली उचलली गेली. म्हणजे सांगाडा लाकडात सरळ बसलेला नव्हता. स्क्रूने ओढून, वाकवून बसवलेला होता.

परवानाधारक कारागिराने लाकूड नळीपासून मोकळे केले आणि सांगाड्याखाली पोलादाची पूड मिसळलेला इपॉक्सी भरून त्याला नेमकी बैठक करून दिली. याला बेडिंग म्हणतात. त्याचे आणि नळीच्या तोंडाची कडा तपासण्याचे मिळून साडेतीन हजार झाले. परत वाळूच्या पिशवीवर पाच ग्रुप. सरासरी एकोणीस मिलिमीटर.

मग काडतुसे. पॉइंट टू-टूच्या डबीवर लॉट नंबर छापलेला असतो. त्याकडे आपण पाहत नाही. मोठे नेमबाज मात्र आपल्या रायफलीतून वेगवेगळे लॉट मारून पाहतात आणि जो तिला मानवतो तो वर्षभरासाठी घेऊन ठेवतात. क्लबात तीन लॉट होते. एकाने बावीस दिले, एकाने एकोणीस, आणि तिसऱ्याने चौदा. याला वेगळा पैसा लागला नाही. फक्त डब्या वेगळ्या ठेवाव्या लागल्या.

चौदाचा अर्थ काय, तेही सांगतो. पन्नास मीटरच्या रायफल टार्गेटवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. गोळी ५.६ मिलिमीटरची. गोळीची कड वर्तुळाला लागली तरी दहा मिळतात. म्हणजे ज्या रायफलीचा ग्रुप सोळा मिलिमीटरच्या आत आहे, ती मध्यावर लावली तर सगळे दहा मारू शकते. एकतीसवाली रायफल, तिच्यामागे कोणीही झोपला तरी, मारू शकत नव्हती. चौदावाली मारू शकते.

आता राहिली ॲक्शन, जिच्यासाठी गंठण बाहेर निघाले होते. कारागिराने लगांना मार्किंग ब्लू लावून बोल्ट चालवून दाखवला. निळा रंग दोन्हीकडे पुसला गेला होता, एकीकडे थोडा जास्त. प्रामाणिकपणे सांगायचे तर ॲक्शन अगदी शंभर टक्के सरळ नव्हती. लेथवर लावली असती तर काही फायदा झाला असता. पण किती?

इथे नातीने मला शिकवले. आम्ही त्या दिवशी तिला वाळूच्या पिशवीशिवाय, पालथे झोपून, हाताला स्लिंग बांधून, म्हणजे स्पर्धेत मारतात तसे मारायला लावले होते. ग्रुप चोवीस आला. ती म्हणाली, "आबा, रायफलीचे चौदा आणि माझे दहा, असे चोवीस ना?" मी म्हणालो, "नाही. दोघांच्या चुका दर वेळी एकाच दिशेला पडत नाहीत. कधी तुझी चूक डावीकडे, तेव्हा रायफलीची वर. त्यांची बेरीज काटकोन त्रिकोणासारखी होते." हे मला फौजेतल्या एका इन्स्पेक्टरने सांगितले होते, पण हिशेब कधी केला नव्हता. तिने वही काढली. चोवीस हा कर्ण, चौदा ही एक बाजू. चोवीसचा वर्ग पाचशे शहात्तर, वजा एकशे शहाण्णव, उरले तीनशे ऐंशी. वर्गमूळ साडेएकोणीस.

"म्हणजे माझी चूक साडेएकोणीस आहे," ती म्हणाली. मग तिने स्वतःच पुढचा हिशेब मांडला. समजा चाळीस हजार घालून रायफल चौदाची बारा झाली. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, अधिक तीनशे ऐंशी, पाचशे चोवीस. वर्गमूळ तेवीसच्या जरा आत. आणि समजा रायफल चौदाच राहिली आणि सरावाने तिची चूक साडेएकोणीसवरून पंधरा झाली. एकशे शहाण्णव अधिक दोनशे पंचवीस. वर्गमूळ साडेवीस.

चाळीस हजारांत एक मिलिमीटर. सरावात साडेतीन. आणि आधीच्या एकतीसवाल्या रायफलीत तिचा तोच हात धरला तर ग्रुप सदतीसच्या आसपास येत होता, तो साडेतीन हजारांत आणि डब्या बदलून चोवीसवर आला होता. पाच-दहा गोळ्यांच्या ग्रुपचा हिशेब अगदी काटेकोर नसतो हे मला ठाऊक आहे. तरी वाट दाखवायला तो पुरेसा आहे.

वही तिने आईला दाखवली. सूनबाई सातवीपर्यंत शिकलेली. तिला वर्गमूळ कळले नाही, पण एक आणि साडेतीन कळले. गंठण कपाटातच राहिले.

तेव्हा ज्यांनी मला विचारले त्यांना माझे उत्तर असे आहे. ॲक्शनवर बारकाईचे काम केल्याने नेमात सुधारणा होते. पण ते शेवटचे काम आहे, पहिले नव्हे. आधी काडतुसाचा लॉट, मग लाकडातली बैठक आणि स्क्रू, मग नळी आणि तिच्या तोंडाची कडा, मग साइट आणि ट्रिगर. हे सगळे ठीक करून झाल्यावर आणि माणसाची चूक रायफलीच्या चुकीपेक्षा लहान झाल्यावर ॲक्शनचा एक-दोन मिलिमीटर दिसू लागतो. मोठ्या काडतुसाच्या रायफलीत दाब जास्त, म्हणून तिथे हे काम अधिक उपयोगी पडते. पॉइंट टू-टूत दाब कमी, त्यामुळे फायदाही कमी.

आणखी एक बारीक गोष्ट. ॲक्शन ट्रू करायची तर नळी खोलावी लागते. बहुतेक वेळा त्याच फेरीत नवी नळी बसते, तोंडाची कडा नवी होते, बेडिंग नवे होते, स्क्रू नीट आवळले जातात. मग ग्रुप अर्धा झाला की मालक सांगतो, "ॲक्शन ट्रू केली, कमाल झाली." पाच जणांनी मिळून केलेल्या कामाचे श्रेय एकाला गेले. असे आपल्या समाजात आणि कारखान्यात किती वेळा होते, ते वाचकांना मी सांगायला नको. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर मोजावे, तरच कोणी काय केले ते कळते.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी नंबर चार रायफलीची निशाणबाजांसाठी खास जात तयार केली, नंबर चार (टी). कारखान्यातून निघालेल्या रायफली टार्गेटवर मारून पाहत. ज्या चांगला ग्रुप देत त्या वेगळ्या काढत. त्या लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे दुर्बीण बसवायला आणि लाकूड नीट बसवायला जात. अशा वीस हजारांहून अधिक रायफली झाल्या. कोणती रायफल निशाणबाजाच्या हाती जाईल हे तिचा कारखाना पाहून ठरत नसे. ते टार्गेटवरचा कागद ठरवत असे. पोलादाला हा न्याय मिळाला, आमच्या आजोबा-पणजोबांना मिळाला नाही.

आज दिवस बदलले आहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्याचाच, रेल्वेत नोकरी करणारा स्वप्निल कुसळे २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेऊन आला. तिथे दशांशात गुण मोजतात. त्या पायरीवर पोहोचलेल्याने एका मिलिमीटरसाठी पैसे जरूर घालावेत. आमची नात अजून त्या पायरीवर नाही. पोहोचली तर नवी नळी बसवताना ॲक्शनही ट्रू करून घेऊ, आणि तेव्हा गंठणाची गरज पडू नये म्हणून मी आतापासून पेन्शनमधून महिन्याला थोडे बाजूला काढतो आहे.

वाचलेल्या पैशांतले काही तिच्या जाड जॅकेटला गेले, काही काडतुसांना. हिवाळ्यात ती स्पर्धेला गेली. पदक मिळाले नाही. पुढच्या फेरीची पात्रता दोन गुणांनी हुकली. मी विचार करत होतो, घरी येऊन रडेल. ती आली, डबा घासायला टाकला आणि म्हणाली, "आबा, शेवटच्या दहा गोळ्यांत माझा श्वास चुकला. रायफल बरोबर होती." मग जेवायला बसली.

आपली चूक किती आणि आपल्यावर लादलेली किती, हे तिला वयाच्या सतराव्या वर्षी कळले. त्या विदर्भातल्या जवानाला ते कोणी कळू दिले नाही. आज तो असेल तर सत्तरीचा असेल. त्याच्या नातवंडांपैकी कोणाच्या हाती हा अंक पडला, तर त्यांनी आजोबांना एवढे सांगावे की त्या रायफलीच्या लाकडात डाव्या बाजूला फट होती. सही करणाऱ्या आर्मररने ती पाहिली नव्हती. आजोबांचा नेम कच्चा नव्हता.

जय भीम.